चित्रपट-पत्रकारितेतून पुस्तकलेखनाकडे: ही कारकीर्द कशावर उभी राहते?

प्रश्न: मॅटिनी

नमस्कार. मी एका मराठी वृत्त-संकेतस्थळाच्या मनोरंजन विभागात काम करते. दर शुक्रवारी एक-दोन परीक्षणे, मधल्या दिवसांत मुलाखती, ट्रेलर आला की त्याची बातमी, आणि एखादा ज्येष्ठ कलावंत गेला की तासाभरात द्यायचा मृत्युलेख, असे या कामाचे स्वरूप आहे. काम आवडीचे आहे. मात्र शुक्रवारी लिहिलेले सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि वर्षाअखेरीस मागे वळून पाहिले तर पुन्हा वाचावेसे वाटेल असे हाती फारसे लागत नाही.

मला पुढे चित्रपटांविषयी पुस्तके लिहायची आहेत. मनात एक विषयही आहे: १९५० ते १९७० या काळात मुंबईच्या स्टुडिओंमध्ये पडद्यामागे राबलेले संकलक, ध्वनिमुद्रक, रंगभूषाकार आणि नेपथ्याची माणसे. त्यांतील हयात असलेल्यांची संख्या दर वर्षी कमी होत आहे, त्यामुळे हे काम निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवता येणार नाही, हे मला कळते.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, आपल्याकडे ज्यांनी नियतकालिकांत लिहिता लिहिता चित्रपटांवरची टिकाऊ पुस्तके लिहिली, त्यांनी ही वाट नेमकी कशी काढली? त्यासाठी चित्रपटविषयक औपचारिक शिक्षण घ्यावे लागते का? यावर पोट भरते का, हेही मोकळेपणाने सांगावे.

उत्तर: जुनी कात्रणे

आधी पत्रकारिता आणि मग पुस्तक, अशा दोन पायऱ्या आपण गृहीत धरलेल्या दिसतात. एका दैनिकाच्या चित्रपट-पुरवणीत बरीच वर्षे काढल्यानंतर माझे मत वेगळे झाले आहे. ज्यांची पुस्तके आज संदर्भासाठी उघडली जातात, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांची सामग्री नोकरी करत असतानाच आणि अनेकदा पुस्तकाचा विचारही मनात नसताना जमवलेली होती. पुस्तक लिहायला बसल्यावर सामग्री शोधू लागलेला पत्रकार आणि सामग्री साचल्यामुळे पुस्तकापर्यंत पोहोचलेला पत्रकार, यांच्या लेखनातला फरक दहा पानांत कळतो.

बाबूराव पटेलांचे उदाहरण घ्या. १९३५ मध्ये त्यांनी ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक मुंबईतून सुरू केले आणि आपल्या जहाल, कित्येकदा अन्यायकारक परीक्षणांनी निर्मात्यांची झोप उडवली. त्यांच्या मतांचे आज कौतुक वाटते, पण त्या मतांसाठी कोणी ते अंक चाळत नाही. अभ्यासक चाळतात ते जाहिराती, चित्रीकरणाच्या वार्ता, वाचकांची पत्रे आणि कोणत्या कंपनीने कोणाला करारबद्ध केले याच्या बारीक टिपा. संपादकाला ज्याचा अभिमान होता ते मागे पडले आणि जे जागा भरण्यासाठी छापले गेले ते इतिहासाचे साधन ठरले. यातले बरेच अंक आता इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात. आपल्या कालखंडातल्या काही वर्षांसाठी ते जरूर पाहावेत.

मराठीपुरते बोलायचे तर इसाक मुजावर आणि बापू वाटवे यांची नावे आधी घ्यावी लागतात. मुजावरांनी ‘चित्रानंद’ या चित्रपटविषयक नियतकालिकाचे संपादन केले आणि मराठी व हिंदी चित्रसृष्टीवर इतकी पुस्तके लिहिली की, पुढच्या पिढीतल्या स्तंभलेखकांनी त्यांतून काय काय उचलले याचा हिशेब मांडणे अवघड आहे. वाटव्यांचे ‘एक होती प्रभातनगरी’ हे पुस्तक मला आपल्या विषयाच्या अधिक जवळचे वाटते, कारण त्याचा नायक एखादा नट नसून एक संस्था आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली, १९३३ मध्ये पुण्यात आलेली ‘प्रभात’ ही चित्रपटसंस्था नटनट्यांइतकीच सुतार, रंगारी, रसायनशाळेतले कामगार आणि ध्वनिमुद्रक यांची होती. स्टुडिओचा इतिहास माणसांच्या आठवणींतून कसा उभा करावा, आणि आठवणी कुठे गोड होऊ लागतात हे कसे ओळखावे, या दोन्हींसाठी ते वाचण्यासारखे आहे.

याहून कोरडे, पण माझ्या मते याहून मोठे काम सूचिकारांनी केले. फिरोज रंगूनवाला यांनी १९७० मध्ये मूकपट आणि हिंदी बोलपटांची सूची प्रसिद्ध केली. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश दशकवार खंडांत सिद्ध केला. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमेन यांचा भारतीय चित्रपटांचा इंग्रजी ज्ञानकोश १९९४ मध्ये आला आणि १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. चित्रपटांवर लिहिणारा प्रत्येक जण या ग्रंथांच्या खांद्यावर बसतो आणि बहुतेक जण ते सांगायला विसरतात. ‘माधुरी’ या हिंदी चित्रपट-पाक्षिकाचे संपादक अरविंद कुमार यांनी १९७८ मध्ये नोकरी सोडली ती हिंदीचा समांतर कोश, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, रचण्यासाठी, आणि तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हे विषयांतर आहे, पण चित्रपट-पत्रकार आणि कोशकार यांचा स्वभाव एकाच माणसात नांदू शकतो याचा हा पुरावा मला नेहमी सुखावतो.

आता आपल्या रोजच्या कामाविषयी. तासाभरात लिहिलेले मृत्युलेख पोकळ होतात, कारण त्या व्यक्तीशी जिवंतपणी कोणी सविस्तर बोललेले नसते. संकेतस्थळाला मुलाखतीतली सहा वाक्ये लागत असतील, तर ती सहा वाक्ये द्यावीत, पण मुलाखत पूर्ण घ्यावी आणि तिचे अखंड ध्वनिमुद्रण तारीख, स्थळ आणि उपस्थित व्यक्तींच्या नोंदीसह जपून ठेवावे. त्यानंतरचे काम अधिक महत्त्वाचे आहे: सांगितलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या साधनाशी ताडून पाहणे. ज्येष्ठ तंत्रज्ञ खोटे बोलत नाहीत, पण पन्नास वर्षे तीच हकीकत सांगितल्याने ती घासून गुळगुळीत झालेली असते आणि तिच्यातली वर्षे व नावे बदललेली असतात. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीख आणि लांबी, राजपत्रात छापल्या जाणाऱ्या सेन्सॉरच्या याद्या, चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची चोपडी आणि त्या आठवड्यातल्या दैनिकांतील जाहिराती, या चार गोष्टी समोर ठेवल्या की निम्म्या दंतकथा आपोआप गळून पडतात.

‘पहिला’ हा शब्द लिहिताना तर हात थांबलाच पाहिजे. दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दाखवला गेला, आणि त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तरीही पहिल्या भारतीय कथाचित्रपटाचा मान सर्वसाधारणपणे फाळक्यांकडे जातो, कारण ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होते आणि त्याचा छायाचित्रकार परदेशी होता, असा आक्षेप घेतला जातो. आपला कल कुठेही असो, हा वाद दोन ओळींत तरी वाचकापुढे ठेवायला हवा. एखादे विशेषण वापरून तो मिटवून टाकणे ही आपल्या व्यवसायाची जुनी खोड आहे.

उत्तर: फ्रेम बाय फ्रेम

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्णपणे मान्य नाही. माहिती जमवणाऱ्यांची मराठीत कधीच उणीव नव्हती. उणीव आहे ती पडद्यावर काय चालले आहे ते पाहून, त्याचा अर्थ लावून, तो शब्दांत पकडणाऱ्यांची. आपल्याकडच्या चित्रपट-लेखनाचा मोठा भाग आठवणी, किस्से आणि गाण्यांच्या ओळी यांतच रमतो. दृश्य कसे रचले आहे, कॅमेरा कुठे ठेवला आहे, काप (कट) कधी आला आणि तो तिथेच का आला, याविषयी दोन परिच्छेद सलग लिहिलेले क्वचित आढळतात.

अरुण खोपकर यांचे ‘गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका’ हे १९८५ चे पुस्तक मी प्रत्येक नव्या समीक्षकाला सुचवतो. गुरुदत्त यांच्या खासगी आयुष्यावर आणि १९६४ मधल्या मृत्यूवर चटकदार लिहिणे सोपे होते, आणि अनेकांनी ते केलेही. खोपकरांनी चित्रपटांचेच वाचन केले: प्रकाशयोजना, गाण्यांचे चित्रीकरण, अवकाशाची मांडणी. त्या पुस्तकाला चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. खोपकर पत्रकार नव्हेत, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले दिग्दर्शक आहेत, आणि मला वाटते की फरक तिथेच पडतो.

त्यामुळे शिक्षणाच्या प्रश्नावर माझे उत्तर ‘होय’ असे आहे, मात्र पदवी घेतलीच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्या वतीने चालत आलेला चित्रपट रसास्वादाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम अनेक मराठी समीक्षकांनी केलेला आहे. नोकरीतून रजा काढून तो करता येतो. मुंबईत राहत असाल तर १९६८ पासून कार्यरत असलेल्या ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या फिल्म सोसायटीचे सभासदत्व घ्या. तिथे चित्रपट संपल्यावर जी चर्चा होते, तिच्यात स्वतःचे मत दहा लोकांसमोर पटवून देण्याची जी सवय लागते, ती परीक्षण लिहून लागत नाही.

आपला विषय तंत्रज्ञांचा असल्यामुळे तर हे अधिकच आवश्यक आहे. संकलकाला “तुम्हाला कोणत्या नटाबरोबर काम करताना मजा आली?” असे विचारले, तर नटाचा किस्साच मिळेल. मूव्हिओला या संकलनयंत्रावर काम करताना ध्वनीची आणि चित्राची फीत कशी जुळवली जाई, प्रकाशीय ध्वनिमुद्रणाच्या जागी चुंबकीय फीत आल्यावर कामाचा वेग आणि चुका दुरुस्त करण्याची सोय यांत काय बदलले, निगेटिव्ह कापताना चूक झाली तर पुढे काय होई, हे विचारणाऱ्यालाच त्याच्या कारागिरीची गोष्ट ऐकायला मिळते. असे प्रश्न सुचण्यासाठी ते तंत्र थोडे तरी हाताळलेले असावे लागते.

उत्तर: करारनामा

मी प्रकाशन व्यवसायात संपादनाचे काम करतो, म्हणून पोट भरण्याच्या प्रश्नावर लिहितो. उत्तर अप्रिय आहे, पण आकडेमोड सोपी आहे. मराठीत कथेतर पुस्तकाची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची किंवा त्याहून लहान असते आणि मानधन छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठरते. किंमत ४०० रुपये धरली आणि सर्व १,००० प्रती विकल्या गेल्या, तरी लेखकाच्या हाती ४०,००० रुपये येतात, तेही आवृत्ती संपायला जितकी वर्षे लागतील तितक्या वर्षांत विभागून. तंत्रज्ञांच्या मुलाखतींसाठीचा प्रवास, लिप्यंतर आणि छायाचित्रांचा खर्च यातून सुटणार नाही. म्हणून मराठी चित्रपट-लेखक नोकरी, स्तंभ, अध्यापन किंवा अनुवाद यांपैकी कशावर तरी उभे असतात. याला अपयश मानू नये. ही या व्यवसायाची रचनाच आहे.

यावर आपल्याकडे असलेला एक उत्तम उपाय म्हणजे दिवाळी अंक. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या या परंपरेत दीर्घ लेखाला जेवढी जागा मिळते, तेवढी एरवी दैनिकात किंवा संकेतस्थळावर मिळत नाही. दर दिवाळीला एका तंत्रज्ञावर किंवा एका विभागावर एक दीर्घ लेख लिहिला, तर मानधन मिळते, वाचकांच्या प्रतिक्रियांतून दुरुस्त्या होतात, आणि काही वर्षांत पुस्तकाचा निम्मा मजकूर तयार होतो. प्रकाशकाकडे नुसती कल्पना घेऊन जाण्यापेक्षा असे छापून आलेले तीन-चार लेख घेऊन जाणे कितीतरी परिणामकारक ठरते.

करारावर सही करण्यापूर्वी कॉपीराइट कायदा, १९५७ मधले कलम १९ एकदा शांतपणे वाचावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता मानला जातो. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ छापील नमुन्यात असते; ती खोडायला सांगण्यात काहीही गैर नाही. अनुवाद, श्राव्य-पुस्तक आणि दृक्‌श्राव्य रूपांतर यांचे हक्क वेगळे ठेवावेत. आपण नोकरीत असताना लिहिलेल्या लेखांचे हक्क नोकरीच्या करारानुसार मालकाकडे गेलेले असू शकतात, त्यामुळे ते पुस्तकात घ्यायचे असतील तर संस्थेची लेखी परवानगी घेतलेली बरी. हे नोकरीत असतानाच, संबंध चांगले असताना मिळवावे.

छायाचित्रे ही पुस्तकाची सर्वांत मोठी अडचण ठरते. समीक्षेसाठी मजकुरातला उतारा देणे कलम ५२ मधल्या रास्त वापराच्या तरतुदीत बसू शकते. पण मुखपृष्ठावर चित्रपटातले स्थिरचित्र छापणे ही वेगळी गोष्ट आहे आणि त्यासाठी हक्कधारकाची परवानगी घ्यावीच. तंत्रज्ञांच्या कुटुंबीयांकडे घरगुती अल्बम असतात. तो अल्बम कोणाचा, छायाचित्र कोणी काढले, आणि छापण्यास कोणी संमती दिली, याची नोंद त्याच दिवशी करावी.

जिवंत व्यक्तींविषयी लिहिताना ‘आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल माहीत असावा. सार्वजनिक नोंदींवर आधारलेले लेखन संबंधित व्यक्तीच्या संमतीशिवायही प्रसिद्ध करता येते, मात्र त्यापलीकडच्या खासगी आयुष्यात शिरल्यास लेखक जबाबदार ठरू शकतो, असा त्याचा आशय आहे. मृत व्यक्तीविषयी काहीही लिहिले तरी चालते, हा समजही चुकीचा आहे, कारण नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप फौजदारी बदनामी ठरू शकतो.

मॅटिनी

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. दिवाळी अंकाची कल्पना मी याच वर्षी अमलात आणणार आहे.

एक अडचण मात्र उरते. माझे काम पीआर (जनसंपर्क) कंपन्यांच्या मर्जीवर चालते. प्रेस शोचे निमंत्रण, नटाची पंधरा मिनिटांची गटमुलाखत, प्रश्न आधी पाठवण्याची अट, हे सर्व त्यांच्या हाती असते. एखादे परीक्षण कडक झाले की पुढच्या निमंत्रणाच्या यादीत माझे नाव नसते. अशा व्यवस्थेत राहून पुढे प्रामाणिक पुस्तक लिहिता येईल का, की आधीच यातून बाहेर पडावे?

उत्तर: पडदा नंबर दोन

मी इंग्रजी नियतकालिकांसाठी लिहिते, त्यामुळे या प्रश्नाशी रोजच गाठ पडते. चित्रसृष्टी आणि तिच्यावर लिहिणारे यांच्यातली सीमारेषा आपल्याकडे कधीच स्वच्छ नव्हती. ज्या बाबूराव पटेलांचा उल्लेख वर झाला, त्यांनी स्वतः १९४४ मध्ये ‘द्रौपदी’ आणि १९४६ मध्ये ‘ग्वालन’ हे चित्रपट दिग्दर्शित केले, आणि दोन्हींची नायिका त्यांच्या पत्नी सुशीलाराणी होत्या. इतरांच्या चित्रपटांची चिरफाड करणाऱ्या मासिकाचा मालक स्वतःच बाजारात उतरला होता. खालिद मोहमद यांनी समीक्षा आणि ‘फिल्मफेअर’चे संपादन करता करता श्याम बेनेगल यांच्यासाठी पटकथा लिहिल्या आणि २००० मध्ये ‘फिझा’ दिग्दर्शित केला. मी यात कोणाला दोष देत नाही. पण वाचकाला हे माहीत असले पाहिजे, आणि ज्या निर्मात्याकडून काम मिळण्याची शक्यता आहे त्याच्या चित्रपटाचे परीक्षण लिहू नये, एवढा नियम तरी पाळावा.

नट-नट्यांच्या सहवासातूनही चांगली पुस्तके होतात, हेही मान्य करायला हवे. भावना सोमाया १९७८ पासून या क्षेत्रात लिहीत आहेत, २००० ते २००७ या काळात त्या ‘स्क्रीन’ या चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादक होत्या, त्यांची बरीच पुस्तके प्रसिद्ध झाली आणि २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अनुपमा चोप्रा यांनी साप्ताहिक पत्रकारितेतली शोधाची पद्धत वापरून एका गाजलेल्या चित्रपटाच्या निर्मितीवर २००० मध्ये पुस्तक लिहिले. नसरीन मुन्नी कबीर यांनी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या मुलाखतींच्या अनुभवातून प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाचा एक स्वतंत्र साचाच घडवला. जावेद अख्तर, लता मंगेशकर आणि वहिदा रेहमान यांच्याशी झालेले त्यांचे संवाद मी अनेकदा वाचते. या साच्याची मर्यादा अशी की, बोलणारा जे सांगू इच्छित नाही ते पुस्तकात येत नाही. पण बोलणाऱ्याचा सूर त्यात जसा टिकतो तसा तृतीयपुरुषी चरित्रात टिकत नाही, आणि तंत्रज्ञांच्या बाबतीत हा साचा आपल्याला उपयोगी पडेल असे मला वाटते.

आपल्या अडचणीकडे पाहता, आपण सुदैवी आहात असे मी म्हणेन. निवृत्त ध्वनिमुद्रकाला पीआर कंपनी नसते. नटाच्या गटमुलाखतीसाठी ताटकळणाऱ्या पत्रकारांपैकी एकालाही त्याच्या घराचा पत्ता माहीत नसतो, आणि त्याला विचारायला कोणी आलेलेच नसते. शुक्रवारची नोकरी सुरू ठेवावी. निमंत्रण नाही आले तर तिकीट काढून पहिला खेळ पाहावा. परीक्षण काही तास उशिरा येईल, इतकेच. तारांकन देण्याची सक्ती असेल तर द्यावे, पण मजकुरातला एकही शब्द ताऱ्यांच्या हिशेबाने सौम्य करू नये.

उत्तर: जुनी कात्रणे

वरच्या मताला माझा दुजोरा आहे. ‘फ्रेम बाय फ्रेम’ यांच्याशी असलेला माझा मतभेद मात्र कायम आहे. काप कोणी केला हे ठाऊक नसताना तो काप कसा आहे यावर लिहिलेले अनेक उत्तम परिच्छेद दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा झाले आहेत आणि संकलकाचे नावही त्यांत नाही. आपले पुस्तक नेमके तेच दुरुस्त करू शकेल.

माणसे शोधण्यासाठी फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या महासंघाशी संलग्न असलेल्या, त्या त्या विभागाच्या संघटनांकडे जावे. संकलकांची, ध्वनिमुद्रकांची, रंगभूषाकारांची संघटना वेगळी आहे आणि त्यांच्या जुन्या सभासद-नोंदींत असलेली नावे श्रेयनामावलीत सापडत नाहीत. साहाय्यकांची नावे तर पडद्यावर क्वचितच येत.

कागदपत्रांसाठी पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आणि पी. के. नायर यांनी घडवलेल्या या संस्थेचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीनीकरण झाले. चित्रपटांच्या प्रतींखेरीज तिथे चोपड्या, पोस्टर, स्थिरचित्रे आणि नियतकालिकांच्या फायली आहेत. मूकपटांपैकी फारच थोडे शिल्लक आहेत आणि १९३१ च्या ‘आलम आरा’ची एकही प्रत हाती लागलेली नाही, आपल्या कालखंडाची स्थिती त्या मानाने पुष्कळ बरी आहे. अर्ज करताना ‘पन्नास ते सत्तरच्या दशकातील तंत्रज्ञ’ असे मोघम लिहू नये. चित्रपटांची नावे, वर्षे आणि हव्या असलेल्या साहित्याचा प्रकार यांची यादी जोडली, तर तिथल्या कर्मचाऱ्यांनाही शोधणे सोपे जाते. मराठी नियतकालिकांचे जुने अंक पाहण्यासाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. तिथे जाताना दिनांकांची यादी तयार असावी, कारण फायली हातात आल्या की माणूस जाहिराती वाचत बसतो आणि दिवस मावळतो.

आणि एक सूचना: पहिली मुलाखत वयाने सर्वांत ज्येष्ठ असलेल्या तंत्रज्ञाची घ्यावी, मग त्यांचे नाव आपल्या आराखड्यात शेवटच्या प्रकरणात का असेना.